टिळकांनी वकिली केली नाही, मग आयुष्यभर कोर्टात काय करत होते?

प्रश्न असा विचारलाय की लोकमान्य टिळक एलएलबी होते तर वकिली का केली नाही, आणि १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात मोठा बॅरिस्टर उभा न करता स्वतःच युक्तिवाद केला हा हट्ट होता का, चांगला वकील असता तर ते सुटले असते का. मी फौजदारी बाजूला बरीच वर्षं प्रॅक्टिस करतोय आणि टिळकांचे खटले मी रेकॉर्ड म्हणून वाचलेत, म्हणजे दोषारोप काय होता, जामिनावर काय झालं, ज्युरी कुणाची होती, कुठला मुद्दा कुठे मांडला, हे बघत. पुतळ्याखालच्या भाषणातले टिळक आणि या रेकॉर्डमधले टिळक यात बराच फरक आहे आणि मला दुसरे जास्त मोठे वाटतात, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो.

आधी सोपा भाग. १८७९ ला एलएलबी झाले, पण डेक्कन कॉलेजातच त्यांचं आणि आगरकरांचं ठरलं होतं की सरकारी नोकरी करायची नाही, शिक्षणात उतरायचं. १८८० च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं, पुढच्या जानेवारीत केसरी आणि मराठा निघाले, आणि सनद घेऊन कोर्टात उभं राहण्याचा विषय तिथेच संपला. पण कायदा सुटला नाही हे लोकांना माहीत नसतं. १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यावर घर चालवायला त्यांनी पुण्यात लॉ क्लास काढला, वकिलीच्या परीक्षांना बसणारी पोरं तिथे यायची, आणि १८९६ ला न. चिं. केळकर साताऱ्याहून पुण्यात आले ते या क्लासला आणि मराठाच्या कामाला मदत म्हणूनच. आता ज्यानं वर्षानुवर्षं कायदा शिकवलाय त्याचा कायदा बहुतेक प्रॅक्टिस करणाऱ्यांपेक्षा पक्का असतो, कारण आपण केसपुरतं वाचतो आणि शिकवणाऱ्याला कलम मुळापासून समजावं लागतं. १९०८ चं भाषण वाचताना हे जागोजागी जाणवतं.

कोर्टाशी पहिली गाठ मात्र आरोपी म्हणूनच पडली. कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्यावर केसरी-मराठात जे छापलं त्याला आधार होती काही पत्रं, आणि ती निघाली बनावट. १८८२ ला अब्रुनुकसानीत टिळक-आगरकर दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली, डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून सुटले. माझं वाचन असं की यानंतर टिळक कागदाच्या बाबतीत फार सावध झाले, पुढच्या प्रत्येक खटल्यात ते कागद स्वतः तपासून, लावून, नंबर घालून कोर्टात जाताना दिसतात. क्रॉफर्ड या इंग्रज अधिकाऱ्याच्या लाचेच्या प्रकरणात ज्या मामलेदारांनी सरकारच्या अभयावर विसंबून साक्षी दिल्या त्यांच्यावरच सरकार उलटायला लागलं तेव्हा त्यांची बाजू टिळकांनी लावून धरली, बडोदा संस्थानातले अधिकारी बापट यांच्यावरच्या खटल्यात बचावाच्या कामाला स्वतः तिकडे गेले. म्हणजे सनद नसलेला वकील म्हणा हवं तर.

आता १८९७. पुण्यात प्लेग, घरं तपासणाऱ्या सोल्जरांचा जाच, आणि २२ जूनला व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडला गोळी घातली. सरकारला टिळकांचा खुनाशी संबंध जोडता येईना, मग आठवडाभर आधी १५ जूनच्या केसरीत शिवाजी उत्सवाच्या निमित्तानं जे छापलं होतं त्यावर राजद्रोहाचं कलम १२४अ लावलं. हे कलम १८७० ला आयपीसीत घातलेलं, वापर फारच थोडा, त्याचा अर्थ नक्की काय हे अजून ठरायचं होतं. न्या. स्ट्रॅची यांनी ज्युरीला सांगितलं की सरकारबद्दल प्रेम नसणं म्हणजेच अप्रीती, त्यात द्वेष, शत्रुत्व, नावड, तिरस्कार सगळं आलं, आणि दंगा झाला की नाही, चिथावणी दिली की नाही, हे बघायची गरजच नाही. ज्युरीत सहा युरोपियन, तीन हिंदी. निकाल सहा विरुद्ध तीन. दीड वर्ष सक्तमजुरी.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागतील. एक म्हणजे या खटल्यात टिळकांच्या बाजूनं कलकत्त्याहून आणलेले बॅरिस्टर पग होते, नामांकित माणूस, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या अपील कोर्टात, अपिलाची परवानगी मागायला तर ॲस्क्विथ उभे राहिले जे पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झाले, आणि तरी काही उपयोग झाला नाही. दुसरी म्हणजे खालून जामीन मिळत नव्हता तो शेवटी न्या. बद्रुद्दीन तय्यबजींनी दिला, आणि तिथे टिळकांसाठी जामीन मागणारे बॅरिस्टर होते दिनशा दावर. माफी मागा म्हणून सल्ला देणारे मित्रही होते. टिळकांनी कलकत्त्याला अमृत बाझार पत्रिकेच्या मोतीलाल घोषांना पत्रात कळवलं की लोकांत माझी जी जागा आहे ती माझ्या चारित्र्यावर आहे, दबून माफी मागितली तर महाराष्ट्रात राहणं काय आणि अंदमानात राहणं काय, सारखंच. वकील म्हणून मला हे पत्र फार महत्त्वाचं वाटतं, कारण अशील काय गमवायला तयार आहे आणि काय नाही हे ज्याला खटल्याआधी स्वच्छ माहीत असतं त्याचा बचाव नीट बांधता येतो.

शिक्षेनंतर सरकारनं १८९८ ला १२४अ मध्ये दुरुस्ती करून कलम आणखी रुंद केलं, द्वेष आणि तिरस्कार हे शब्द सरळ कलमात आणले, शिवाय समाजासमाजांत वैर पसरवण्याबद्दलचं १५३अ हे नवं कलम घातलं. पुढे १९०८ ला टिळकांवर दोन्ही लागली.

मधल्या ताई महाराज प्रकरणाबद्दल लोक कंटाळून पानं उलटतात, पण वकिलानं तेच आधी वाचावं असं माझं मत आहे. बाबा महाराज पंडित हे सरदार ऑगस्ट १८९७ मध्ये वारले, मृत्युपत्रात टिळक व्यवस्थापकांपैकी एक. विधवा ताई महाराजांनी १९०१ ला औरंगाबादला जगन्नाथ नावाचा मुलगा दत्तक घेतला, नंतर त्यांचं मन फिरवण्यात आलं आणि त्यांनी कोल्हापूरकडचा दुसरा मुलगा दत्तक घेतला. जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांनी टिळकांची साक्षच खोटी धरली आणि त्यांना फौजदारीत पाठवलं, १९०३ च्या ऑगस्टमध्ये दीड वर्षांची शिक्षा, सेशन्सला ती सहा महिन्यांवर आली, आणि ४ मार्च १९०४ ला हायकोर्टात सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या बेंचनं निर्दोष सोडलं. दिवाणी बाजू अजून चालूच होती, खाली जिंकले, १९१० ला मंडालेत असताना हायकोर्टात हरले, आणि मार्च १९१५ ला प्रिव्ही कौन्सिलनं टिळकांच्या बाजूनं निकाल दिला. त्या निकालातलं तत्त्व असं की एखाद्या साक्षीदाराला खोटं ठरवायचं तर ज्या गोष्टीवरून खोटं म्हणताय ती उलटतपासणीत त्याच्यासमोर ठेवा, त्याला खुलासा करायची संधी द्या, तो पिंजऱ्यातून उतरल्यावर मागाहून त्याला लबाड म्हणू नका. जुन्या एव्हिडन्स ॲक्टच्या (२०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आहे) कलम १४५ च्या चर्चेत बाळ गंगाधर टिळक विरुद्ध श्रीनिवास पंडित हा निकाल वकील अजून दाखवतात. एका मित्राच्या इस्टेटीसाठी या माणसानं चौदा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, त्यात स्वतः जेलमध्ये जायची वेळ आली, आणि हे सगळं चालू असताना १९०३ ला आर्क्टिक होम इन द वेदाज छापून बाहेर काढलं.

आता मूळ प्रश्न, १९०८. ३० एप्रिलला मुझफ्फरपूरला बॉम्ब पडला, दोन इंग्रज बायका मेल्या. केसरीत १२ मेला 'देशाचे दुर्दैव' आणि ९ जूनला 'हे उपाय टिकाऊ नाहीत' असे अग्रलेख आले. दोन्हींचा सूर असा की बॉम्ब वाईटच पण तो येतो कुठून ते सरकारनं बघावं, दडपशाहीनं तो थांबणार नाही. २४ जूनला मुंबईत सरदारगृहात अटक. जामिनाचा अर्ज बॅरिस्टर जिनांनी चालवला, आणि तो आला न्या. दावर यांच्यापुढे. हो, तेच दावर. अकरा वर्षांपूर्वी ज्या माणसाचा जामीन मागितला त्याचाच त्यांनी नाकारला, आणि कारणं सविस्तर दिलीच नाहीत. मग सरकारनं स्पेशल ज्युरी, म्हणजे खास निवडक यादीतली ज्युरी मागितली, टिळकांच्या बाजूचे बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा यांनी विरोध केला, तो फेटाळला. ज्युरी बसली ती सात युरोपियन आणि दोन पारशी. लेख मराठी, ज्युरीला मराठी येत नाही, म्हणजे ते वाचणार सरकारी भाषांतर. वकिलाच्या नजरेनं बघितलं तर खटल्याचा निकाल इथेच बराचसा लागला होता, युक्तिवादाचा पहिला शब्द निघायच्या आधी.

म्हणून मी म्हणतो की स्वतः उभं राहणं हा हट्ट नव्हता, विचार करून घेतलेला निर्णय होता. बॅरिस्टरनं काय केलं असतं? लेखातली धार बोथट करून दाखवली असती, माझ्या अशिलाला असं म्हणायचं नव्हतं, चूक झाली असेल, दया करा. १८९७ ला नामांकित बॅरिस्टर लावून निकाल काय लागला ते माहीतच होतं. टिळकांना लेखातलं एक वाक्यही मागे घ्यायचं नव्हतं आणि तरीही मी निर्दोष आहे असं म्हणायचं होतं, आणि ही लाईन घ्यायची तर ती स्वतः आरोपीनंच घ्यावी लागते, दुसऱ्याच्या तोंडून ती उभी राहत नाही.

सहा दिवसांत मिळून २१ तास १० मिनिटं बोलले. लोकांना आकडा पाठ असतो पण आत काय आहे ते कुणी सांगत नाही. सुरुवातीलाच त्यांनी दोन लेखांचे खटले एकत्र चालवायला हरकत घेतली, ती फेटाळली. मग सरकारी भाषांतर करणाऱ्या साक्षीदाराची उलटतपासणी स्वतः घेतली. युक्तिवादात आधी इंग्लंडचा इतिहास, लायबेलच्या (बदनामीकारक लिखाणाच्या) खटल्यात निकाल पूर्णपणे ज्युरीच्या हातात कसा आला, जज सांगतील तसं हो म्हणायला ज्युरी बांधील नाही, वृत्तपत्राचं स्वातंत्र्य तिथे ज्युरींनीच वाचवलं. मग कलमाची फोड, नुसता लेख कडक असून चालत नाही, 'प्रयत्न' म्हटला की हेतू लागतो, आणि हेतू सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. मग संदर्भ, हे लेख हवेत लिहिलेले नाहीत, अँग्लो-इंडियन पेपर बॉम्बच्या निमित्तानं सगळ्या हिंदी पुढाऱ्यांना झोडपत होते त्याला हे उत्तर आहे, आणि हे दाखवायला त्या पेपरांची कात्रणं एकामागून एक हजर. झडतीत त्यांच्या टेबलात एक कार्ड सापडलं होतं, त्यावर स्फोटकांवरच्या दोन पुस्तकांची नावं, सरकारी पक्षानं त्याचं फार भांडवल केलं. टिळकांचं उत्तर साधं होतं की स्फोटकांचा नवा कायदा नुकताच आलाय, त्यावर लिहायचं तर व्याख्या बघायला पुस्तकं लागणारच. कार्ड लपवलेलंही नव्हतं.

एक तांत्रिक मुद्दा मात्र नव्या वकिलांनी इथून घ्यावा. त्या वेळच्या नियमानं आरोपीनं बचावाचा पुरावा दिला तर शेवटचं बोलायचा हक्क सरकारी पक्षाला जायचा. टिळकांनी ढीगभर कात्रणं दाखल केली, आणि शेवटचा शब्द ॲडव्होकेट जनरल ब्रॅन्सन यांना मिळाला. मुरलेला फौजदारी वकील कदाचित ती कात्रणं दाखल न करता बसला असता आणि शेवटचं भाषण हातात ठेवलं असतं. पण ती कात्रणं काढली तर संदर्भाचा अख्खा बचावच जातो, शिवाय त्या सात जणांपुढे शेवटचं कोण बोललं यानं काय फरक पडणार होता. माझ्या मते टिळकांनी बरोबर केलं. त्यांचं भाषण ज्युरीसाठी होतंच, पण ते दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येणार आहे हे धरून रचलेलं होतं, आणि रेकॉर्ड पक्कं ठेवलेलं होतं.

२२ जुलैला रात्री निकाल आला, सात विरुद्ध दोन, दोषी. काही सांगायचंय का म्हणून विचारल्यावर ते जे थोडं बोलले ते आज मुंबई हायकोर्टात त्याच कोर्टरूमबाहेर पाटीवर कोरलेलं आहे, की ज्युरीनं काही ठरवलं तरी मी निर्दोष आहे, माणसांचं आणि राष्ट्रांचं नशीब ठरवणाऱ्या याहून वरच्या शक्ती आहेत, आणि मी मोकळा राहण्यापेक्षा माझ्या सोसण्यानंच हे काम पुढे जावं अशी कदाचित त्यांची इच्छा असेल. सहा वर्षं काळं पाणी आणि हजार रुपये दंड. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा वर्षांसाठी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. दादासाहेब खापर्डे अपिलाच्या खटपटीला विलायतेला गेले, प्रिव्ही कौन्सिलनं दाद दिली नाही.

मंडालेचं बहुतेकांना माहीत असतं, काळ्या पाण्याऐवजी साधी कैद झाली, वही बांधलेली आणि पानं मोजलेली, लिहायला फक्त शिसपेन्सिल, आणि त्यात १९१०-११ च्या हिवाळ्यात गीतारहस्य लिहून झालं, १९१२ ला सत्यभामाबाई गेल्या त्याची बातमीही तिथेच कळली. पण मला त्यातला कायदेपंडित दाखवायचाय. पहिल्याच प्रकरणात टिळक विचारतात की ग्रंथाचं तात्पर्य काढायचं कसं, आणि मीमांसकांच्या कसोट्या लावतात, उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद, उपपत्ती. सुरुवात काय, शेवट काय, पुन्हा पुन्हा काय येतं, नवीन काय सांगितलंय, परिणाम काय झाला. हिंदू कायद्यात धर्मशास्त्राच्या वचनांचा अर्थ लावायला हेच मीमांसेचे नियम लागायचे. आणि गंमत बघा, १९०८ ला ज्युरीपुढे त्यांची मागणी हीच होती, की सुटं वाक्य काढू नका, लेख पूर्ण वाचा, कशाला उत्तर म्हणून लिहिलाय ते बघा. कोर्टात जे ऐकून घेतलं गेलं नाही ते त्यांनी गीतेला लावून दाखवलं असं मला मनापासून वाटतं.

ते ऐकून घेतलं गेलं १९१६ ला. बेळगाव आणि अहमदनगरच्या होमरूलच्या तीन भाषणांवरून, नेमक्या साठाव्या वाढदिवशी, २३ जुलैला नोटीस आली, चांगल्या वर्तणुकीची हमी द्या, २० हजारांचा स्वतःचा मुचलका आणि १०-१० हजारांचे दोन जामीन. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटनं तसा हुकूम केला. हायकोर्टात जिनांनी बाजू मांडली आणि ९ नोव्हेंबरला न्या. बॅचलर आणि न्या. शहा यांनी हुकूम रद्द केला, भाषणं एकूण परिणाम बघून वाचली पाहिजेत म्हणाले. स्वराज्य मागणं म्हणजे राजद्रोह नाही हे यानंतर कार्यकर्त्यांना जाहीर सांगता यायला लागलं, होमरूलच्या कामाला केवढा हातभार मिळाला असेल बघा.

सगळं बरोबरच केलं असं मात्र मी म्हणणार नाही. पुस्तकात टिळकांवर आरोप करणाऱ्या व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकारावर लंडनला अब्रुनुकसानीचा दावा लावणं ही माझ्या मते कायदेशीर घोडचूक होती. इंग्लिश ज्युरी, नुकतंच संपलेलं महायुद्ध, समोर कार्सनसारखा उलटतपासणीतला वाघ, आणि वादीच्या नावावर राजद्रोहाच्या दोन शिक्षा. टिळकांकडून सर जॉन सायमन होते पण फेब्रुवारी १९१९ ला दावा खर्चासकट हरले. अशा अशिलाला मी दावा लावू नका असंच सांगितलं असतं. आणि दुसरं, जास्त गंभीर. लहानपणी लग्न झालेल्या आणि नवऱ्याकडे नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंच्या खटल्यात टिळक नवऱ्याच्या बाजूनं लिहीत होते आणि १८९१ ला संमतीवय दहाचं बारा करायच्या बिलाला त्यांनी कडाडून विरोध केला. परक्या सरकारनं आमच्या धर्मात कायदा करू नये हा त्यांचा मुद्दा, स्वतः त्यांनी सुधारकांना सांगितलं होतं की मुलीचं लग्न सोळापर्यंत न करायची शपथ आधी तुम्ही घ्या. पण दहा-अकरा वर्षांच्या पोरीला कायद्याचं संरक्षण आज हवं होतं, स्वराज्य आल्यावर नव्हे. इथे आगरकर बरोबर होते आणि टिळक चूक, हे टिळकांवर प्रेम असणाऱ्यानंही स्पष्ट बोलावं.

सुटले असते का, याचं उत्तर आता तुमच्या लक्षात आलं असेल, त्या ज्युरीपुढे कुणीच सुटलं नसतं. पण खटला वाया गेला का? १९२२ ला अहमदाबादला गांधीजींनी त्याच १२४अ खाली गुन्हा कबूल केला, तो वेगळा रस्ता होता, आणि जज ब्रूमफिल्ड यांनी सहा वर्षं देताना टिळकांच्या खटल्याचा दाखला देऊन तुम्हाला त्यांच्या पंक्तीला बसवतोय असं सांगितलं. स्ट्रॅचींचा १८९७ चा अर्थ फार चिवट निघाला, १९४२ ला फेडरल कोर्टानं सार्वजनिक शांततेला धोका असला पाहिजे असं म्हटलं तर १९४७ ला प्रिव्ही कौन्सिलनं ते खोडून परत टिळकांच्या खटल्याचाच अर्थ लावला. शेवटी १९६२ ला केदारनाथ सिंगच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं हिंसेची किंवा अव्यवस्थेची चिथावणी लागते असं ठरवलं. २०२२ च्या मे महिन्यात कलम थांबवलं गेलं आणि आता भारतीय न्याय संहितेत कलम १५२ आलंय, ज्याचा अर्थ लावायचं काम तुमच्या पिढीकडे आहे.

कायदा शिकत असाल तर चरित्रं नंतर वाचा. केळकरांनी १९०८ च्या खटल्याचा संपूर्ण वृत्तांत तेव्हाच छापला होता तो मिळवा, आणि भाषणावर उडी न मारता आधी जामीन अर्ज आणि स्पेशल ज्युरीवरचा वाद वाचा, शेजारी १८९७ चा तय्यबजींपुढचा जामीन ठेवा. मग दोन्ही अग्रलेख मुळातून, मराठीत, पूर्ण.